वीरकथेतील फितुराचे प्रयोजन

मध्ययुगीन वीरकथेतील फितूर हा केवळ खलपुरुष नव्हे. पराभवाची उपपत्ती लावणे हे त्याचे मुख्य कार्य दिसते. फ्रेंच ‘रोलाँचे गीत’ पाहावे. इ. स. ७७८ मध्ये शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी पिरेनीज पर्वतात बास्क लोकांनी कापून काढली. चरित्रकार आइनहार्ट तेथे फितुरीचे नावही काढीत नाही. सुमारे तीन शतकांनंतरच्या काव्यात मात्र रोलाँचा सावत्र बाप गानेलाँ शत्रूशी संधान बांधतो आणि नायकाचे शौर्य अबाधित राहते.

आपल्याकडे हे स्थान सूर्याजी पिसाळाचे. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, पुढे राजाराम महाराज रायगडावरून निसटले आणि झुल्फिकारखानाच्या वेढ्यानंतर त्याच वर्षी गड मोगलांकडे गेला. अशा स्थितीत गड पडण्यास फितूर हवाच होता असे नाही. आख्यायिकेस तो हवा होता. वाईच्या देशमुखीसाठी पिसाळाने गड दिला, असे तिने सांगितले आणि त्याचे नाव सामान्यनाम झाले. (पिसाळ निर्दोष होता, असा दावा येथे नाही, तो प्रश्न इतिहासकारांचा.)

याउलट, उत्रवळीचा देशमुख खंडोजी खोपडे १६५९ मध्ये उघडपणे अफझलखानास मिळाला. कान्होजी जेध्यांच्या रदबदलीने त्याचा जीव वाचला, तरी एक हात व एक पाय गेलाच. ही फितुरी निर्विवाद. पण ‘खोपडे’ हा शब्द काही फितुराचा पर्याय झाला नाही. प्रतापगडी विजय झाला होता आणि त्याचे खापर फोडण्यास कोणाचे डोके लागणार नव्हते.