घोड्याचे मोल काय?

बीजगणितातल्या ‘क्ष’ची धास्ती घरोघरी असते, पण ती अनाठायी आहे! भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातले (सुमारे इ. स. ११५०) हे उदाहरणच पाहा ना. एकाजवळ ३०० नाणी नि ६ घोडे. दुसऱ्याजवळ १० घोडे, पण डोक्यावर १०० नाण्यांचे कर्ज. सगळे घोडे एकाच मोलाचे, दोघांची मत्ताही सारखीच. मग एका घोड्याचे मोल काय?

आचार्य त्या अज्ञात मोलाला ‘यावत्तावत्’ म्हणतात. म्हणजे ‘जितके असेल तितके’. आता दोन्हीकडचे ६ घोडे काढा. दोन्हीकडे १०० नाणी घाला, म्हणजे कर्जही फिटले. उरले काय? इकडे ४०० नाणी, तिकडे ४ घोडे. एकाचे मोल १००! ताळा पाहा : दोघांचीही मत्ता ९००.

अज्ञाताला आधी नाव द्यावे, दोन्ही पारड्यांना सारखाच न्याय द्यावा. मग उत्तर फार वेळ लपून राहत नाही.