ताणणाऱ्या कापडाचं माप

घरात शिलाई मशीन असतं. साडीला फॉल लावणं, परकर, उशीचे अभ्रे, फार तर ब्लाउज, इतकं घरच्या घरी होतं. पण टी-शर्टच्या कापडाचा टॉप शिवायचा म्हटला की पुष्कळजणी हात झटकतात. 'ते काम कारखान्याचं,' असं म्हणतात. वास्तविक या टॉपला टक्स नाहीत, चेन नाही, काजं-बटणं नाहीत, अस्तरही नाही. पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाह्या आणि गळ्याची पट्टी, संपलं काम! मग अडतं कुठं? अडतं ते या कापडाचा स्वभाव ठाऊक नसतो म्हणून.

मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांत घट्ट बसलेले असतात. आपण ज्याला सरसकट होजिअरी म्हणतो, ते कापड मात्र सुयांवर विणलेल्या स्वेटरसारखं असतं. फाशात फासा अडकवलेला. ओढलं की पसरतं, सोडलं की पुन्हा मिटतं. म्हणूनच ते अंगाबरोबर हलतं, आणि म्हणूनच कात्रीखाली व सुईखाली त्याला वेगळं वागवावं लागतं.

आता पॅटर्नकडे वळू. अमेरिकेतल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली. आज असे पॅटर्न पाकिटात मिळतात, तसेच संगणकावरून घेऊन घरीही छापता येतात. घरी छापताना त्यावरचा मापाचा चौकोन पट्टीने मोजून पाहा. तो कमी-जास्त आला तर सगळा टॉपच कमी-जास्त होणार.

पाकिटावरचा तक्ता नीट वाचा. दुकानातल्या कपड्यांचा नंबर इथे उपयोगी पडत नाही. टेपने छाती, कंबर, नितंब मोजून त्याप्रमाणे माप निवडायचं. विणीच्या कापडासाठी असलेल्या पॅटर्नवर बहुधा ताण मोजायची एक पट्टीही छापलेली असते. कापड आडवं दुमडून त्यातले ४ इंच धरा आणि पट्टीवर दाखवलेल्या खुणेपर्यंत ओढा. ४ चे ५ इंच झाले तर ताण २५ टक्के. कापड सहज पोचलं पाहिजे आणि सोडल्यावर मूळ जागी आलं पाहिजे. ही परीक्षा कंटाळा न करता घ्यावी. कारण ३६ इंच छातीसाठीचा टॉप प्रत्यक्षात ३४ इंचांचाच बेतलेला असू शकतो. उरलेले २ इंच कापड ताणून भरून काढतं. तोच पॅटर्न पॉपलिनवर बेतला तर अंगात शिरायचाही नाही.

इथेच घरी शिवण्याचा खरा फायदा आहे. छाती एका मापाची आणि नितंब दुसऱ्या मापाचे, असं अनेकींचं असतं. दुकानात अशी बाई एकामागून एक कपडे घालून पाहते आणि शेवटी आपल्या अंगालाच दोष देते. पॅटर्नवर बहुतेक वेळा सगळ्या मापांच्या रेघा एकात एक छापलेल्या असतात. छातीला एक रेघ धरायची, काखेखालून हळूहळू तिरकं येत नितंबाला दुसरी गाठायची. दोष अंगाचा नव्हता, एका ठरावीक साच्याचा होता, हे त्या एका तिरक्या रेघेने कळतं.

बेतण्यापूर्वी कापड धुऊन वाळवा. सुती होजिअरी आटते. जास्त ताण अंगाभोवती, म्हणजे आडवा यायला हवा. कापड टेबलाखाली लोंबू देऊ नका, वजनाने ते ताणलं जातं. शिवणीसाठी माया किती धरली आहे, की धरलेलीच नाही, तेही आधी पाहा.

मशीनला बॉलपॉइंट सुई लावा. तिचं टोक गोलसर असतं. ते धागा न तोडता फाशांमधून वाट काढतं. दोरा पॉलिस्टरचा घ्या. साधी सरळ टीप कापड ताणलं की तुटते, म्हणून अगदी अरुंद झिगझॅग टीप घाला. ओव्हरलॉक मशीन नसलं तरी चालतं, कारण हे कापड मागावरच्या कापडासारखं उसवत नाही. शिवताना कापड ओढू नका, नाहीतर शिवण लाटांसारखी दिसते. खांद्याच्या शिवणीत मात्र न ताणणारी बारीक सुती फीत घाला, म्हणजे बाहीच्या वजनाने खांदा उतरणार नाही.

गळ्याची पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा थोडी कमी ठेवतात. २० इंचांच्या गळ्याला साधारण १७ ते १८ इंच. पट्टी आणि गळा दोन्हींचे चार समान भाग करून टाचण्या लावा आणि फक्त पट्टी ताणत शिवा. त्याआधी तिची टोकं टाचून ती डोक्यातून उतरते ना, हे बघून घ्या.

मूळ पॅटर्न कापू नका. आपलं माप वर्तमानपत्राच्या कागदावर उतरवून घ्या. पहिला टॉप घरात वापरायच्या स्वस्त कापडाचा शिवा. घालून पाहिल्यावर बाही किती वाढवायची, काखेत किती सोडायचं, ते त्या कागदावरच लिहून ठेवा. दुसऱ्या टॉपच्या वेळी तो कागद तुमच्या अंगाचा झालेला असेल.