सेल मेला की वाट अडली?

इंग्लंडात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी व्हिडिओ कॉलवर एक सेल कॅमेऱ्यासमोर धरला. "मामा, नवा सेल महिन्याभरात मेला बघ. वाफच येत नाही." मी त्याला सेल हळूहळू फिरवायला लावला. वरच्या टोकाला, धन बाजूच्या कडेशी, प्लॅस्टिकचे वेष्टन नखाएवढे फाटले होते आणि आतला चकचकीत पत्रा दिसत होता. सेल मेला नव्हता. तो घातक झाला होता आणि भाचा तो खिशात घेऊन फिरत होता.

तो सेल मेकॅनिकल मॉडमधला, म्हणजे व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) एका जातीतला. हे व्यसन सोड, असे मी त्याला तेव्हाही सांगितले आणि अजूनही सांगतो. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. सुट्टीवर येताना ते उपकरण बॅगेत टाकून आणणे हीसुद्धा आयातच. पण परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या हातात ते असते, आणि त्यातला सेल तर आपल्या घरातल्या टॉर्चमध्ये, पॉवर बँकेत, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत बसलेला असतो. त्याच्याबद्दलच्या चुकीच्या समजुतीही तिकडे त्याच आणि इकडे त्याच.

मेकॅनिकल मॉड म्हणजे तांब्याची किंवा पितळेची एक नळी. आत सेल, एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला तापणारी तारेची कॉइल. जुन्या टॉर्चमधला बल्ब काढून तिथे कॉइल बसवली असे समजा. मधे सर्किट नाही. करंट जास्त झाला, सेल फार उतरला किंवा शॉर्ट झाला, तर थांबवणारे कोणी नाही. सेल बहुधा १८६५० जातीचा: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य दंडगोल आकाराची खूण. पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट.

पहिली आणि सगळ्यात पसरलेली समजूत भाच्याचीच. वाफ कमी झाली म्हणजे सेल गेला.

बहुतेक वेळा सेल ठीक असतो, करंटची वाट अडलेली असते. थोडे गणित करू. कॉइलचा रोध ०.५ ओहम, सेल ४.२ व्होल्टचा. करंट ८.४ अँपिअर आणि कॉइलवर सुमारे ३५ वॉट. आता नळीचे आटे काळवंडले, बटणाखालच्या चकतीवर डाग पडला आणि वाटेत फक्त ०.०५ ओहम रोध वाढला, असे धरा. कॉइलवर उरतात २९ वॉट. सहावा हिस्सा गेला आणि त्यातला जवळपास निम्मा गेला नको तिथे उष्णता होऊन. म्हणून हात लावून पाहिले की दोष कुठे आहे ते कळते. बटणाकडची बाजू गरम लागत असेल तर बटणाचा संपर्क खराब. वरची टोपी प्रमाणाबाहेर तापत असेल तर तिथला जोड सैल. सेलच गरम होत असेल तर मात्र ताबडतोब थांबायचे. कॉइल त्या सेलला झेपणारी नाही किंवा कुठेतरी शॉर्ट आहे.

मल्टिमीटर असेल तर काम आणखी सोपे. सेल बाहेर काढून मोजा. ४.१ किंवा त्याहून जास्त व्होल्ट दाखवत असूनही वाफ मरतुकडी येत असेल, तर आधी साफसफाई. सेल बाहेरच ठेवायचा, आटे आणि चकत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या, डाग घट्ट असेल तर साध्या खोडरबराने घासायचा आणि सगळे पूर्ण वाळू द्यायचे. तांब्या-पितळेचे म्हणून चिंच-मीठ लावायचा मोह होतो. तो आवरा. देवाची भांडी आपण नंतर भरपूर पाण्याने धुतो, पण आट्यांच्या खाचांत अडकलेले मीठ निघत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. साफसफाईनंतरही जोर येत नसेल, तर कॉइलचा रोध मोजा आणि मगच सेलवर संशय घ्या. जुन्या सेलचा आतला रोध वाढलेला असतो. असा सेल नुसता मोजला तर व्होल्ट बरोबर दाखवतो, पण बटण दाबले की ढासळतो.

आणखी एक गोष्ट लोक बिघाडात मोजतात. चार्ज उतरत जातो तशी वाफ कमी होत जाते. हा या उपकरणाचा स्वभावच आहे. ४.२ व्होल्टला ३५ वॉट मिळत असतील, तर ३.२ व्होल्टला वीसच्या आसपास मिळतात. जोर कमी झाला, सेल बदलायची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ.

इथून दुसऱ्या समजुतीकडे येऊ: सेल पूर्ण उतरवावा, मगच चार्ज करावा. आपल्या पिढीला हे निकेल-कॅडमियमच्या सेलने शिकवले आणि त्या सेलपुरते ते खरे होते. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला, तेव्हापासून तो नियम या जातीला लागू नाही. उलट, लिथियम-आयन सेल तळाशी नेला की तो बिघडतो. व्होल्टेज फारच खाली गेले तर आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्याच जागी जमून आतल्या आत शॉर्ट करू शकते. फोनमध्ये सर्किट असते, ते वेळीच पुरवठा तोडते. मेकॅनिकल मॉडमध्ये ते काम माणसानेच करायचे: ३.३ व्होल्टच्या आसपास सेल काढायचा. आणि दोन व्होल्टच्या खाली गेलेल्या सेलला दुसऱ्या सेलला जोडून किंवा झटका देऊन "उठवण्याची" कला काही दुरुस्तीवाले दाखवतात, ती मला अजिबात मान्य नाही. उठलेला सेल चार दिवस चालतोही, पण आत काय झाले आहे हे बाहेरून कोणालाच दिसत नाही.

मग आकड्यांचा घोळ. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्या, "९९०० एमएएच" छापलेला १८६५० सेल कुठेही दिसतो. या आकारात एवढी क्षमता मावतच नाही. नामवंत कंपन्यांचे चांगले सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास थांबतात. अस्सल सेल वजनालाही ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, फार हलका असेल तर तो बाजूला ठेवावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मॉडसाठी एमएएच हा मुख्य आकडाच नाही. सेल न तापता सलग किती अँपिअर देऊ शकतो, हे पाहायचे. पॅनासॉनिकच्या एनसीआर१८६५०बी या सेलची क्षमता ३४०० एमएएचच्या जवळ आहे, पण तो सलग सात अँपिअरही देत नाही. सॅमसंगच्या २५आर सेलची क्षमता २५०० एमएएच, पण झेप २० अँपिअरची. एकाच आकाराच्या डब्यात साठा वाढवला की जोर कमी होतो. ०.२ ओहमची कॉइल ४.२ व्होल्टवर २१ अँपिअर मागते. पहिला सेल तिथे लावणे म्हणजे संकटाला बोलावणे, आणि दुसराही मर्यादेच्या पलीकडे जातो. वेष्टनावर मोठ्या अक्षरात "४० ए" छापलेले असेल, तर तो आकडा क्षणभराच्या झटक्याचा धरून चाला. सलगचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकातच सापडतो.

आता त्या नखाएवढ्या फाटलेल्या वेष्टनाबद्दल. वेष्टन शोभेचे आणि कंपनीचे नाव दाखवण्यासाठी असते, असे शिकलेली माणसेही मानतात. खरी रचना अशी, की सेलचा सगळा लोखंडी डबा, तळापासून वरच्या कडेपर्यंत, ऋण आहे. धन आहे फक्त मधली छोटी टोपी. दोघांमध्ये काही मिलिमीटर जागा, एक पातळ वॉशर आणि ते वेष्टन. वरच्या कडेला वेष्टन फाटले की एखादी किल्ली, पाच रुपयांचे नाणे किंवा मॉडची नळी दोन्हींना एकाच वेळी टेकू शकते. सेल शॉर्ट होतो, तापतो, आतल्या ज्वलनशील द्रवाची वाफ होते आणि सेल फुटतो. नळीला हवा जायला भोके नसतील, तर ती नळी बंदुकीसारखी वागते.

हे घाबरवायला सांगत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना तपासल्या. त्यांतल्या ६१ वेळा उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता, म्हणजे जवळपास ओढतानाच्या घटनांइतक्याच. २०१८ साली फ्लोरिडात मॉड फुटून एक माणूस दगावला. अमेरिकेच्याच ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१मध्ये तर सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका आणि वापरू नका, असे सांगितले.

वेष्टन नुसते ओरखडले असेल तर गरम हवेने आकसणारे नवे वेष्टन आणि वॉशर बसवता येतो. सेलला पोचा आला असेल तर दुरुस्ती नाही. सुटा सेल नेहमी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. विमानात तो हातातल्या बॅगेतच न्यायचा, चेक-इनच्या सामानात नाही.

शॉर्टचा आणखी एक धोका मॉडच्या रचनेतच असतो. काही मॉडमध्ये कॉइलचा भाग थेट सेलवर टेकतो. तिथे कॉइलच्या भागाची मधली पिन बाहेर आलेलीच हवी. ती आत दबलेली असली, तर त्या भागाचे आटे सेलच्या धन टोकाला टेकतात आणि नळीतून थेट शॉर्ट होतो.

लिथियमच्या आगीवर पाणी चालत नाही, ही समजूतही सोडायला हवी. ती लिथियम धातूसाठी आहे. लिथियम-आयनचा छोटा सेल पेटला तर भरपूर पाण्याने तो थंड होतो आणि आग शेजारच्या सेलपर्यंत पोचत नाही. धुरापासून मात्र दूर राहा, तो विषारी असतो.

भाच्याने त्या दिवशी सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि तो जवळच्या मोठ्या दुकानातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत टाकला. आपल्याकडेही २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून असा सेल ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात टाकू नका. आणि आज घरातला रिचार्जेबल टॉर्च उघडता येत असेल, तर त्यातला सेल बाहेर काढून वरची कडा एकदा उजेडात धरून पाहा.