बेटावरचं चिपाड, जालन्याची पऱ्हाटी

मागच्या भागात सौरपंप पाहिले. ते बसवण्यात जालना जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. उन्हाला इथे कधीच तोटा नव्हता. पण बॉयलरला, भट्टीला जाळच लागतो, म्हणून या आठवड्यात जळणाकडे वळू. त्यासाठी आधी मॉरिशसला जाऊन यावं लागेल.

मॉरिशसमध्ये ना कोळशाची खाण, ना तेलाची विहीर. जळण यायचं ते जहाजानं. हाताशी होता ऊस. १८३४ पासून गिरमिटावर तिथे गेलेल्या मजुरांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्या मळ्यांत त्यांचा घाम जिरला आहे. १९५७ साली सेंट आंत्वान कारखान्यानं चिपाडावर केलेली वीज गावाच्या तारांत सोडली आणि १९९१ मध्ये सरकारनं त्याचा स्वतंत्र कार्यक्रम आखला. टनभर उसामागे साधारण ३०० किलो चिपाड निघतं, ते बॉयलरात जातं. गाळप थांबलं की मात्र त्याच बॉयलरात परदेशी कोळसा पडतो. ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट : तिथे चिपाडाचे पैसे ऊस लावणाऱ्याला साखरेखेरीज वेगळे मिळतात.

मग जालन्यानंही इंधनासाठी ऊस वाढवावा का? मुळीच नाही. त्या बेटावर वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे ६०० ते ७००. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली अंबड-घनसावंगीत ऊस आहे, अंकुशनगरचा समर्थ कारखाना आहे. तिथलं चिपाड पुरेपूर वापरावं. पण २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि माणसं टँकरची वाट पाहत बसली. अशा मुलखात इंधनासाठी नवं पाणी मागणारा आराखडा मला मान्य नाही.

पाण्याचा एक जादा थेंबही न मागणारं जळण शिवारात आधीच उभं आहे. ते म्हणजे पऱ्हाटी, कापसाची वाळकी झाडं. शेवटची वेचणी झाली की शेत मोकळं करायची घाई असते. चिमट्यानं पऱ्हाटी उपटायची, बांधावर ढीग घालायचे, थोडी चुलीला ठेवायची आणि उरलेली पेटवून द्यायची. हेक्टरी दोन-तीन टन काडी अशी जाते. न पेटवता तशीच उभी ठेवली तर वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. २०१७ मध्ये या अळीनं मराठवाड्याचा कापूस कसा खाल्ला, ते शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणजे पऱ्हाटी वेळेत शेताबाहेर निघणं पिकाच्याही हिताचं आहे.

अडचण आहे ती वाहतुकीची. ट्रॉली शिगोशीग भरते, पण वजन काट्यावर जेमतेम दिसतं. म्हणून काडीचा भुगा शेताजवळच करायला हवा. तो वाळवून यंत्रात जोरानं दाबला की उष्णतेनं काडीतलं लिग्निन मऊ होतं आणि भुगा आपोआप चिकटतो. वेगळी खळ लागत नाही. बाहेर येतात त्या मनगटाएवढ्या जाड कांड्या, बाजारातला पांढरा कोळसा. किलोमागे सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता. मुंबईच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेनं या कामावर बरीच मेहनत घेतली आहे. गिऱ्हाईकही दूर नाही. औष्णिक केंद्रांनी कोळशात काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळाव्यात, असं केंद्र सरकारचं धोरण आहे आणि परळीचं औष्णिक केंद्र शेजारच्याच बीड जिल्ह्यात आहे.

प्रश्न उरतो दराचा. आज कुणी काडी नेली तर शेत फुकट साफ होतंय, एवढ्यावरच शेतकरी समाधान मानतो आणि नफा पुढच्यांच्या हाती जातो. मॉरिशसकडून उचलायचं असेल तर ते हेच : काडीचं वजन शेतकऱ्यासमोर व्हावं आणि पैसे त्याच्या खात्यावर पडावेत. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी गावोगाव वाळवण, भुगा आणि काटा एका जागी आणला तर हे जमेल. आणि सगळीच काडी नेऊ नये. जमिनीच्या सेंद्रिय कर्बासाठी थोडी शेतातच कुजवली पाहिजे. किती, ते माती परीक्षणावरून ठरवावं.

पुढच्या भागात भोकरदन-जाफराबादचा मका आणि त्याचं इथेनॉल.