यंत्रासमोरचा माणूस

संगणकाने कलेच्या प्रांतात पाऊल टाकल्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. त्या काळाचा मागोवा घेताना प्रकर्षाने जाणवते ते हे, की आरंभी यंत्राचे सामर्थ्य अजमावण्यात गढून गेलेल्या कलावंतांची दृष्टी हळूहळू यंत्रासमोर बसलेल्या माणसाकडे वळत गेली. १९६८ साली जाशिया रायकार्ड्ट या विदुषीने लंडनमध्ये ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ हे प्रदर्शन भरविले, तेव्हा संगणकाच्या चित्रांचे आणि संगीताचे कौतुकच मोठे होते. पॅरिसमध्ये व्हेरा मोल्नार यांनी त्याच सुमारास चौकोनांच्या शिस्तबद्ध मांडणीत यत्किंचित अव्यवस्था मिसळण्याचा हुकूम संगणकाला देण्यास प्रारंभ केला.

परंतु या साऱ्या दफ्तरात मला सर्वांत मौलिक वाटते ती नाम जून पैक यांची १९७४ सालची ‘टीव्ही बुद्ध’ ही कृती. आसनस्थ अशी एक जुनी बुद्धमूर्ती, तिच्यासमोर दूरचित्रवाणीचा संच, मूर्तीवर रोखलेला कॅमेरा, आणि पडद्यावर त्याच मूर्तीची त्याच क्षणीची छबी, एवढाच तिचा सरंजाम. ते तंत्र अद्याप अंकीय झाले नव्हते हे खरे. तथापि ज्याने आयुष्यभर अंतर्मुख होण्याचा उपदेश केला त्यालाच स्वतःच्या बाह्यरूपासमोर अखंड बसविण्यात जी वेदना आहे, तीत मोबाइलवर आपलाच चेहरा न्याहाळणाऱ्या आजच्या माणसाचे चरित्र आगाऊच नोंदविले गेले, असे मी मानतो.

आपल्याकडे यंत्रासमोरच्या माणसाचा हा विचार श्रद्धेच्या वाटेने आला. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांनी २००३ साली इंटरनेटची केबल निरनिराळ्या धर्मस्थळी नेऊन तिला आशीर्वाद मिळविले, आणि संगणकापुढे बसलेल्यांना ते घरबसल्या लाभावेत अशी तजवीज केली. तिकडे परदेशात त्याच माणसाचा छायाचित्रांचा सोस पुढे विषय झाला: २०११ साली कलावंत एरिक केसेल्स यांनी एका दिवसात फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर चढलेली छायाचित्रे छापून अॅम्स्टरडॅमच्या दालनात त्यांचे ढीग रचले.

या मालिकेत नलिनी मालानी यांचे स्थान मला विशेष आदराचे वाटते. १९६९ च्या सुमारास अकबर पदमसी यांच्या मुंबईतील ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’मध्ये फिल्मवर प्रयोग करणाऱ्या या चित्रकर्तीने सत्तरी ओलांडल्यावर आयपॅडवर बोटाने रेखाटून ८८ चलत्चित्रे सिद्ध केली आणि २०२० साली ती लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत भिंतींवर प्रक्षेपित केली. ‘कॅन यू हिअर मी?’ या शीर्षकाखालील त्या चित्रांत रेघ उमटते, खोडली जाते, पुन्हा उमटते, आणि तीत एका अत्याचारपीडित बालिकेची हाक अशी काही भरून राहते की साधनाच्या नवलाईकडे लक्ष देण्यास पाहणाऱ्याला अवसरच उरत नाही.