सिंबल पॅड: आधी तार, मग आकडे

इलेक्ट्रॉनिक ड्रमचं सिंबल पॅड मनासारखं वाजेना, की पहिला हात जातो तो सेन्सिटिव्हिटीवर. रोग बहुतेक वेळा तिथे नसतोच. रबराच्या त्या चकतीतून नाद निघत नाही. आतला पीझो सेन्सर काठीच्या आघाताने क्षणभर वीज निर्माण करतो आणि कडेखाली सहसा एक स्विच असतो. एवढ्याशा खुणांवरून घुमट, पसरट अंग आणि कड यांतलं नेमकं काय वाजलं, हे मॉड्यूलला ओळखायचं असतं. त्या खुणा कुठल्या वाटेने आणि कुठल्या पद्धतीने येणार हे ठरण्याआधी आकडे फिरवण्यात अर्थ नाही.

वाट म्हणजे केबल. दोन झोनच्या पॅडला स्टिरिओ केबल लागते, जिच्या पाव इंची पिनवर दोन काळ्या रेघा असतात. टोकातून सहसा पीझोचा संदेश जातो, मधल्या कड्यातून स्विचचा. गिटारची मोनो केबल लावली, तर सॉकेटमधला कड्याचा संपर्क थेट ग्राउंडला भिडतो. मॉड्यूलला वाटतं, कड कुणीतरी धरून ठेवली आहे. मग क्रॅश वाजता वाजता गळा दाबल्यासारखा थांबू शकतो आणि दोष मात्र पॅडवर येतो. पद्धतीचा घोळ राइडमध्ये जास्त. रोलँडच्या सीवाय-१५आरचे तिन्ही भाग वेगळे वाजायला दोन केबल लागतात, तर यामाहाचं पीसीवाय१५५ रेझिस्टर वापरून तेच काम एका केबलवर भागवतं. एकाचं पॅड दुसऱ्याच्या मॉड्यूलला जोडल्यावर घुमट मुका राहिला, तर नवल नाही.

नवी मॉड्यूल्स हे सगळं आपोआप ओळखतात, असं कुणी म्हणेल. २०१६ मध्ये टीडी-५० बरोबर आलेल्या रोलँडच्या यूएसबी राइडपुरतं ते खरं आहे. साध्या जॅकवर मात्र पॅडचा प्रकार सहसा आपणच निवडायचा असतो. प्रकार जुळला की आकड्यांची पाळी. ‘कानाला बरं वाटलं की झालं’ हा युक्तिवाद इथे फसवा ठरतो. सेन्सिटिव्हिटी फार चढवली, तर मध्यम आघातही मिडीच्या १२७ या कमाल आकड्याला टेकतो आणि जोरकस क्रॅशला वर जागाच उरत नाही. म्हणून आपल्या सर्वांत जोरदार फटक्यालाच १२७ यावा, असं पाहावं. किकच्या हादऱ्याने क्रॅश वाजत असेल, तर आधी रॅकचे क्लॅम्प तपासावेत. थ्रेशोल्ड वाढवूनही तो आवाज थांबतो, पण राइडवरचे हलके ठोकेही त्यात गिळले जातात. तीच गत फिरणाऱ्या पॅडची: स्टॉपर बसवला नसेल, तर कडेचा स्विच हळूहळू वादकाच्या पलीकडच्या बाजूला जातो आणि मेनूतलं काहीही बदललं तरी कड वाजत नाही.