शस्त्रविचार : लेखांक सातवा
नळीची निगा

गेल्या आठवड्यात नळीच्या आतील खाचांचा विचार करताना आपण पाहिले की, ईशापूरच्या कारखान्यात घडलेल्या .३०३ ली-एनफील्ड रायफलीच्या सुमारे २५ इंची नळीत डावीकडे वळत जाणाऱ्या ५ खाचा असतात, दर १० इंचांस त्यांचा एक फेरा पुरा होतो, आणि सेकंदास २४४० फूट वेगाने सुटणारी गोळी त्यामुळे सेकंदास सुमारे २९०० गिरक्या घेत बाहेर पडते. इतक्या सूक्ष्म हिशेबावर ज्या शस्त्राचा नेम अवलंबून, त्याची नळी गोळीबाराने झिजावी हे क्रमप्राप्तच आहे. परंतु कित्येक नळ्या सफाईतील हयगयीने, आणि त्याहून नवल म्हणजे सफाईतील अविचारी उत्साहाने, अकाली निकामी होतात.

चांदमारीनंतर तेल देऊन ठेवलेली नळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तांबूस कशी होते, हे कोडे शस्त्रागाराच्या कारभाऱ्यांस दीर्घकाळ सुटले नव्हते. धूरहीन दारूचे आम्ल पोलादाच्या रंध्रांत मुरते व पुढे घामासारखे बाहेर येते, असा समज रूढ होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या खाण खात्यातील विल्बर्ट हफ यांनी खरा अपराधी दाखवून दिला : दारू नव्हे, तर काडतुसाच्या बुडाशी असलेली टोपी. तिच्यातील पोटॅशियम क्लोरेट स्फोटानंतर पोटॅशियम क्लोराइड होऊन खाचांत बसते, आणि श्रावणात उघड्या बरणीतले मीठ पाझरावे तसे हवेतील दमटपणा ओढून घेऊन पोलादास गंज चढवते. हा क्षार तेलात विरघळत नाही. सबब तेलाचा थर देणे म्हणजे चोरास आत ठेवून दाराला कडी घालणे होय. पुढे बहुतेक कारखान्यांनी टोपीतील हा घटक सोडला. तथापि जुन्या लष्करी काडतुसांच्या बाबतीत ही खबरदारी अपरिहार्यच.

उपाय अगदी साधा : पाणी, आणि तेही उकळते. रायफल रिकामी असल्याची खातरजमा करून बोल्ट काढावा व मागच्या अंगाने नरसाळ्यातून किटलीभर पाणी नळीत ओतावे. क्षार वाहून जातो, आणि तापलेले पोलाद उरलेला ओलावा स्वतःच उडवून लावते. मग कोरडी चिंधी, आणि सर्वांत शेवटी तेलाची. हा क्रम उलटला की सारी मेहनत व्यर्थ.

चिंधी ओढण्याकरिता दस्त्याच्या पोकळीत, तेलाच्या बाटलीशेजारी, पितळी वजनाची दोरी ठेवलेली असते. ४ इंच लांब व २ इंच रुंद फलालीन तिच्या फासात अडकवून, वजन मागून पुढे सोडून, दोरी एका दमात सरळ रेषेत ओढावी. घाईत ती तिरपी ओढली की धुळीने माखलेली दोरी नळीच्या तोंडाची कड एकाच बाजूने घासत राहते. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्यामागचा वायू चोहोंकडून सारखाच निसटला पाहिजे; कड एका अंगाने झिजली असल्यास तो त्या बाजूने आधी सुटतो, गोळीस तिरपा धक्का देतो, आणि नेम धरणाऱ्याचा काही दोष नसताना तिची दिशा बदलते.

गोळीच्या वेष्टनातील तांब्याचा लेप मात्र पाण्यास दाद देत नाही. त्याकरिता अमोनियायुक्त द्रावण वापरतात. चिंधीवर निळसर छटा उमटली की तांबे सुटू लागले असे समजावे. परंतु ते द्रावण आत वाळू न देता पुसून काढावे व लगेच तेल द्यावे.

सफाई झाली की बोल्टच्या जागी अंगठ्याचे नख उजेडाकडे धरून दुसऱ्या टोकाने नळीत पाहावे. नखावरून परावर्तित झालेल्या प्रकाशात खाचांच्या कडा धारदार व चकचकीत दिसल्या पाहिजेत. कोपऱ्यात करडी रेघ राहिली असेल, तर काम अर्धवट आहे. हीच तपासणी पुढील काही दिवस पुनःपुन्हा करावी, पावसाळ्यात तर विशेष आग्रहाने.

गोळीबारापूर्वी मात्र नळीतील तेल पुसून काढावयास विसरू नये. कारण तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी बाकीच्यांच्या पंक्तीस बसत नाही, आणि अननुभवी नेमबाज तिच्यावरून नेम धरण्याची माशी हलवून पुढचा सारा डाव बिघडवून घेतो. ती माशी केव्हा हलवावी व केव्हा हलवू नये, याचा विचार पुढील लेखांकी.